तडा नेमका कुठल्या मण्याला?

द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या का पेटवतात, असे निफाडकडच्या कुठल्याही पोराला विचारून बघा. तुम्ही नुकतेच चंद्रावरच्या वसाहतीतून उतरला असाल, अशा नजरेने ते तुमच्याकडे बघेल. डिसेंबर संपत आला की मण्यांत पाणी उतरते, म्हणजे टणक हिरवे मणी मऊ आणि रसरशीत व्हायला लागतात. थंडीलाही नेमका तोच मुहूर्त सापडतो. पारा फार खाली गेला की टम्म भरलेल्या मण्यांना तडे जातात, आणि तडा गेलेला मणी कोणी विकत घेत नाही. म्हणून ओळींच्या टोकांना काडीकचरा पेटवून धूर करायचा, ठिबकच्या नळ्यांतून विहिरीचे कोमट पाणी सोडायचे आणि बागेला जरा ऊब द्यायची. शेतात यंत्रमानव आले, वेलीवेलीवर तापमान मोजणाऱ्या इवल्याशा टिकल्या आल्या, तरी शेकोटी काही हटली नाही.

त्या दिवशी मात्र, ऐन हिवाळ्यातल्या सगळ्यात गार पहाटे, बोरस्त्यांच्या बागेत एकही शेकोटी पेटली नाही.

सायली मावशीला जाग आली तेव्हा पूर्वेला उजाडू लागले होते. तिने खिडकीतून पाहिले, तर डावीकडच्या बागेत धूर, उजवीकडच्या बागेत धूर, आणि आपली बाग अगदी कोरडी ठणठणीत. "अगं बाई! आप्पा, उठा! झेंडूनं हाक मारलीच नाही!" असे ओरडत ती तशीच बाहेर धावली. पायात चप्पल नाही, अंगावर शाल नाही. काडीकचऱ्याचा भारा कवेत घेऊन ती एका ओळीकडून दुसऱ्या ओळीकडे पळत सुटली. तिच्या मनगटावर एक पट्टी असे. रक्तदाब (रक्त वाहताना रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून जो रेटा देते तो) ती पट्टी दिवसभर मोजायची. आता ती जोरजोरात वाजू लागली.

मावशीच्या मागून तिची भाची जुई धावत आली. "मावशी, पळू नको! अगं, पळू नको ना!" सहावीतली एवढी धीट मुलगी, पण ढसाढसा रडत होती. मावशीला वाटले, पोरगी द्राक्षांसाठी रडते आहे.

शेकोट्या पेटल्या, पण उशीर झाला होता. वरच्या बाजूच्या कितीतरी घडांतले मणी उलले होते. आप्पांनी एक घड तळहातावर घेतला, निरखला आणि सोडून दिला. आप्पा म्हणजे जुईच्या आईचे वडील, डॉक्टर विश्वास बोरस्ते. औषध देणारे डॉक्टर नव्हेत, वनस्पतिशास्त्रज्ञ. थंडी पिकांचे काय करते, याचाच त्यांनी जन्मभर अभ्यास केला होता. आणि त्यांच्याच बागेत शेकोटी पेटू नये? हे कोडे त्यांना सोडवायलाच हवे होते.

ते गोठ्याकडे गेले. तिथे झेंडू मान खाली घालून उभा होता. झेंडू हा घरचा यंत्रमानव. सहा पाय, दोन लांब हात आणि अंगाला भडक केशरी रंग. त्याला हे नाव जुईच्या आईने ठेवले होते. पारा ठरावीक आकड्याखाली गेला की झेंडूने आप्पांना आणि मावशीला हाक मारायची, मग तिघांनी मिळून शेकोट्या पेटवायच्या, अशी रीत होती. आगीपाशी माणूस हवेच, एकट्या यंत्रावर ती सोडायची नाही, असा आप्पांचा हट्ट होता.

आप्पांनी बॅटरी पाहिली. भरलेली होती. सांधे पाहिले. ठीक होते. शेवटी त्यांनी त्याच्या पाठीवरचे बटण दाबले.

"शुभ सकाळ, आप्पा," झेंडूने मान वर केली. "अरेरे, पारा फारच उतरलेला दिसतो."

"हाक का नाही मारलीस रे?"

"मी बंद होतो. मला कोणीतरी बंद केलं होतं. कोणी, ते सांगायचं नाही, असं जुईताईंनी बजावलंय."

एरवी कोणी हसले असते. मावशीने चमकून जुईकडे पाहिले. जुई ओट्याच्या कडेला उभी होती.

"जुई? तू केलंस हे? अगं, वर्षाचं पीक आहे ते!"

"तडकू देत!" जुई ओरडली. "सगळे मणी तडकू देत! मला नकोत द्राक्षं. पहाटे उठून बाहेर गेलं की माणूस मरतं. तुम्हाला दोघांनाही कळत कसं नाही?"



जुई असे का म्हणाली, ते आता सांगायला हवे. मागच्या हिवाळ्यात, अशाच एका पहाटे, जुईची आई प्रणाली विहिरीजवळच्या शेवटच्या ओळीत शेकोटी पेटवत होती. अचानक तिने दोन्ही हातांनी डोके धरले. "आप्पा, डोक्यात वीज पडल्यासारखं दुखतंय हो," एवढे ती म्हणाली आणि खाली बसली. रुग्णविमान लगेच आले. डॉक्टरांनी शिकस्त केली. पण प्रणाली परत आली नाही. जुईचे बाबा जहाजावर नोकरीला. ते पोहोचले तेव्हा सगळे संपले होते.

डॉक्टर म्हणाले, तिच्या मेंदूतल्या एका धमनीला अॅन्युरिझम (धमनीच्या भिंतीचा कमकुवत भाग फुगून तयार झालेला फुगा) होता, आणि तो फुटला. तो तिथे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. असा फुगा गप्प बसून असतो, दुखत नाही, खुपत नाही. कधी कधी तो एकाच घरातल्या दोघातिघांना असतो, म्हणून मग सायली मावशीचीही तपासणी झाली. तिच्याही डोक्यात एक छोटासा सापडला. तो लहान होता, आणि कापाकापी करण्यापेक्षा त्याच्यावर लक्ष ठेवणे बरे, असे ठरले. मनगटावरची पट्टी तेव्हापासूनची. मावशी नाशिकची नोकरी बदलून जुईजवळ राहायला आली, तीही तेव्हापासून.

त्या दिवसांत भेटायला येणारे सगळे एकच बोलत होते. थंडीने घात केला. पहाटे बाहेर पडायलाच नको होते. मोठी माणसे असे बोलून चहा पितात आणि घरी जातात. ऐकणारे मूल मात्र ते धरून बसते. जुईने आपल्या खोलीची पूर्वेकडची खिडकी जाड चादर लावून बंद केली होती. पहाट तिला डोळ्यांसमोर नको होती.

"मी उगाच नाही म्हणत," जुई हुंदके देत म्हणाली. "मी रोज मावशीची पट्टी बघते. झोपेत आकडा खाली असतो. पहाटे उठली की चढतो. थंडी जास्त असली की आणखी चढतो. म्हणून मी झेंडूला बंद केलं. तुम्ही झोपून राहाल असं वाटलं मला." मग ती आप्पांकडे वळली. "आणि आप्पा, आईला तुम्हीच उठवलं होतं. तेव्हा हाका झेंडू मारत नव्हता. तुम्ही खिडकीवर टकटक केली. मी जागी होते. आई म्हणाली, 'आले, आप्पा.' मी ऐकलंय."

"जुई!" मावशी कळवळून म्हणाली.

"बोलू दे तिला," आप्पा म्हणाले. ते द्राक्षे भरायच्या एका उपड्या कॅरेटवर बसले.  खरी गोष्ट अशी होती, की त्या दिवसानंतर आप्पांनी कोणाच्याही खिडकीवर टकटक केली नव्हती. हाक मारायचे काम झेंडूकडे का गेले, हे घरात कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनी सांगितलेही नव्हते.

मावशीने चूल पेटवली, चहा केला. जुईच्या हातात कपभर दूध देऊन तिने स्वतःभोवती शाल गुंडाळून घेतली. पट्टी आता शांत झाली होती. ऊन अंगणात आले तेव्हा आप्पा उठले आणि म्हणाले, "जुई, पंपाच्या खोलीत येतेस? तू जे पाहिलंस ते खोटं नाही. पण ते पुरतं पाहिलं नाहीस."

पंपाच्या खोलीबाहेर ठिबकची मुख्य नळी जमिनीवर पसरलेली होती. तिला बाजूने बारीक नळ्या फुटल्या होत्या आणि प्रत्येक बारीक नळीला एक कॉक होता. मुख्य नळीवर दाब दाखवणारा काटा होता. एका जागी, उन्हाने जुनी झालेली ही नळी बेडकाच्या गालासारखी फुगली होती.

"हा फुगा बघ. हा कधी आला असेल?"

"काय माहीत. पुष्कळ दिवसांपासून आहे."

"बरोबर. भिंत आधी कमजोर होते, आणि मग पाण्याचा रेटा तिला वर्षानुवर्षं हळूहळू फुगवतो. धमनीचंही तसंच. आता पंप चालू कर आणि काटा बघ."

जुईने पंप चालू केला. काटा थरथरत एका जागी थांबला.

"ह्या बारीक नळ्या म्हणजे तुझ्या कातडीतल्या, हातापायांतल्या रक्तवाहिन्या समज. थंडी वाजली की तुझी बोटं कशी होतात?"

"पांढरी पडतात. गार होतात."

"कारण शरीर ऊब आत राखून ठेवतं. बाहेरच्या नळ्यांचे कॉक ते थोडे आवळून घेतं. आवळ बघू तूच."

जुईने एकेक कॉक अर्धा बंद केला. काटा वर सरकू लागला. पाणी तेवढेच येत होते, जायला वाट कमी उरली होती.

"म्हणजे थंडीनं दाब वाढतो," जुई हळूच म्हणाली.

"वाढतो. आता पहाटेचं ऐक. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात एक जैविक घड्याळ (झोप, भूक, जाग यांच्या वेळा आतून ठरवणारी यंत्रणा) असतं. झोपेत ते दाब उतरवतं. उठायची वेळ जवळ आली की तेच रक्तात काही संप्रेरकं (शरीराला निरोप पोहोचवणारी रसायनं) सोडतं. हृदयाचा जोर वाढतो, दाब चढतो. गजर लावा की नका लावू, चढतोच. पट्टीवर तू तेच बघत होतीस."

"मग मी बरोबरच होते," जुई म्हणाली. बरोबर ठरल्याचा आनंद मात्र तिच्या आवाजात अजिबात नव्हता.

"निरीक्षण अगदी बरोबर. माझ्या विद्यार्थ्यांनाही इतकं नीट जमायचं नाही. पण फुग्याकडे बघ."

काटा चढलेला होता. फुगा होता तिथेच होता, तसाच.

"नाही फुटला," जुई म्हणाली.

"आज नाही फुटला. उद्या फुटेल का? मला माहीत नाही. कदाचित कधीच फुटणार नाही. शंभर मोठी माणसं उभी केली तर त्यातल्या साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो, जुई. ती माणसं शेकडो थंड पहाटे उठतात, कामाला जातात, म्हातारी होतात, आणि बहुतेकांना तो होता हे कळतही नाही. आणि ज्यांचा फुटतो त्यांचा उन्हाळ्यातही फुटतो, दुपारी जेवतानाही फुटतो, गाढ झोपेतही फुटतो."

"मग लोक थंडी थंडी का म्हणतात?"

"कारण त्यात थोडं खरं आहे. डॉक्टरांनी हजारो रुग्णांच्या वेळा ताडून पाहिल्या. सकाळच्या वेळी जरा जास्त जणांना असं झालेलं दिसतं, आणि रात्री झोपेत कमी. हिवाळ्याचं तेवढं पक्कं नाही. काही देशांत हिवाळ्यात जास्त दिसलं, काही ठिकाणी ऋतूनं काही फरकच पडलेला दिसला नाही. हवेचा दाब, अचानक पडलेला गारठा, यांचीही मोजणी झाली. एका गावचं उत्तर दुसऱ्या गावाशी जुळत नाही. म्हणजे ऋतू आणि वेळ हलका धक्का देत असतील. पण मूळ दुखणं भिंतीचं आहे. ती भिंत झिजवायला वर्षानुवर्षं चढलेला रक्तदाब, तंबाखूचा धूर, घराण्यातून आलेली कमजोरी, असं पुष्कळ काही असतं. आणि कधी कधी कारण सापडतच नाही."

जुई काट्याकडे बघत राहिली. मग तिला काहीतरी आठवले आणि तिचा चेहरा उतरला. "आप्पा, आज पट्टी सगळ्यात जास्त वाजली ती मावशी धावली तेव्हा. शेकोट्या पेटल्या नाहीत म्हणून धावली ती. म्हणजे मीच..."

"ते 'मीच' इथेच टाकून दे," आप्पा घाईने म्हणाले. "मी वर्षभर तेच उगाळत बसलोय. त्याला काही चव नाही."

पंप बंद केला तरी नळीतून पाणी ठिबकत होते. जुईने खूप दिवस मनात धरून ठेवलेला प्रश्न शेवटी विचारला.

"तुम्ही टकटक केली नसती, तर आई आज असती का?"

मोठ्या माणसाला अशा वेळी खोटे बोलायचा मोह होतो. नक्की गेलीच असती, असे म्हटले की आपण सुटलो. नसती गेली, असे म्हटले की निदान शिक्षा तरी भोगल्यासारखे वाटते. आप्पा जन्मभर शास्त्रज्ञ म्हणून जगले होते, आणि नातीशी खोटे बोलायची त्यांची तयारी नव्हती.

"मला माहीत नाही, बाळा," ते म्हणाले. "त्या दिवशी झालं नसतं तर उन्हाळ्यात झालं असतं, किंवा कधीच झालं नसतं. कोणालाच माहीत नाही. मला कळलं असतं ना, तर मी..." आणि ते रडू लागले. आप्पांना रडताना जुईने याआधी पाहिले नव्हते. आईच्या वेळीही नाही. ती त्यांना बिलगली, आणि दोघेही बराच वेळ रडले.

डोळे पुसून झाल्यावर जुई म्हणाली, "झेंडूला विचारू या का? तो सगळ्यांची गणितं करतो."

झेंडूने तो प्रश्न ऐकून घेतला. "जुईताई, मला हजार जणांचं गणित येतं. एकाचं येत नाही."

"म्हणजे काय?"

झेंडूला हे नीट समजावता येईना. यंत्रमानवच तो. पण आप्पांना युक्ती सुचली. "उद्या पहाटेही पारा उतरणार आहे. एक ओळ आपण मुद्दाम शेकोटीविना ठेवू. नुकसान झालं तर झालं. कुठली ठेवू?"

जुईने विहिरीकडे पाहिले. "शेवटची. विहिरीजवळची."

त्या ओळीत वर्षभर घरातले कोणी गेले नव्हते. छाटणी, फवारणी, सगळे झेंडूच करायचा. संध्याकाळी जुई तिथे गेली तेव्हा मावशीने तिचा हात घट्ट धरला होता. आईचा लाल मफलर जुईच्या गळ्यात होता. त्याचे एक टोक केव्हाचे उसवले होते. तिथली लोकर तिने ओढून घेतली आणि तिचे बोटभर तुकडे केले.

"झेंडू, उद्या ह्या ओळीतले किती मणी तडकतील?"

झेंडूने टिकल्यांकडून माहिती घेतली, मण्यांचा भरलेपणा पाहिला. "शंभरातले सातआठ. थोडे इकडेतिकडे."

"कुठले कुठले?"

"ते नाही सांगता येत."

"मी सांगते," जुई म्हणाली. ती आईसारखीच हट्टी होती. तिने चांगले टपोरे, उघड्यावर लटकणारे, ताणलेल्या सालीचे मणी हेरले आणि लोकर संपेपर्यंत एकेका मण्याच्या देठाला लाल गाठ बांधली. हेच तडकणार, अशी तिची खात्री होती. आप्पांनाही त्यातले बरेचसे पटले.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या ओळींतल्या शेकोट्या झेंडूने एकट्याने पेटवल्या. आप्पांनी आपला हट्ट सोडला होता. ते घरातून त्याच्या डोळ्यांनी पडद्यावर बघत राहिले. मावशी अंथरुणात बसून कुरकुरली, पण उठली नाही. ऊन नीट पसरल्यावर तिघे शेवटच्या ओळीत गेले. जुईने पहिली लाल गाठ शोधली.

मणी जसाच्या तसा होता. टपोरा, चकचकीत. दुसराही. तिसरा तडकला होता. पुढचे पुन्हा सगळे चांगले. झेंडूने ओळभर फिरून मोजणी केली.

"शंभरातले आठ तडकले, जुईताई. अंदाज बरोबर आला."

"आणि माझा चुकला," जुई म्हणाली. तेवढ्यात तिला पानाआड एक मणी दिसला. बारीकसा, सावलीतला, कोणाचे लक्षही जाऊ नये असा. त्याला कोणी गाठ बांधली नव्हती. तो देठापासून खालपर्यंत उलला होता, आणि शेजारचा, गाठ बांधलेला, मजेत लटकत होता.

जुईने तो मणी अलगद तोडला. "दोघांना थंडी सारखीच लागली ना?"

"सारखीच. याला पानाची सावली होती, म्हणजे थोडी कमीच."

"मग ह्यानं काय केलं होतं?"

"काहीच नाही," आप्पा म्हणाले. "थंडी पडली की ओळीतले तडे वाढणार, हे आपल्याला सांगता येतं. शेकोटी पेटवली की कमी होणार, हेही. म्हणून शेकोटी पेटवायची. पण हाच मणी का, ते नाही सांगता येत. त्याच्या सालीत आत कुठेतरी काहीतरी होतं. बाहेरून दिसत नव्हतं."

जुईने उललेला मणी मुठीत धरला. मग विचारले, "आईनं पण काही केलं नव्हतं?"

"काहीच नाही गं, राणी. तिनं काही केलं नव्हतं," मावशी म्हणाली.

"मी पण नाही."

"तू तर नाहीच."

जुईने आप्पांकडे पाहिले. ते विहिरीकडे तोंड करून उभे होते. स्वतःसाठी तेच वाक्य त्यांना म्हणता येत नव्हते. शास्त्र कळणे वेगळे आणि मनाला पटणे वेगळे, हे मोठ्या माणसांचे नेहमीचे आहे.

जुई त्यांच्याजवळ गेली. "आप्पा, तुम्ही पण काही केलं नव्हतं."

आप्पांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळले नाही. पण त्यांनी जुईचा हात हातात घेतला, मण्यासकट.

घरी परतताना जुईचे डोके पुन्हा चालू लागले. "आप्पा, साल किती पातळ झालीय हे बाहेरून मोजता आलं तर? मण्याचं नाही, धमनीचं."

"लोक त्याच्यामागे लागलेत. फुगा केवढा आहे ते दिसतं, त्याची भिंत कुठे थकलीय तेही हल्ली थोडं थोडं दिसायला लागलंय. पूर्ण दिसेल तेव्हा कोणावर इलाज करायचा आणि कोणाला उगाच छेडायचं नाही, ते नेमकं ठरवता येईल. तोपर्यंत मावशीचा दाब आटोक्यात ठेवायचा, वेळेवर तपासणी करायची, थंडीत कान झाकायचे. तू मोठी झालीस की तुझीही तपासणी होईल. आणि कधी कोणाच्या डोक्यात एकदम वीज पडल्यासारखं दुखलं, तर एक क्षण न दवडता दवाखाना गाठायचा."

"आणि पळायचं नाही," मावशीने पुस्ती जोडली.

"पळायचं, पण शाल घेऊन, आणि आरडाओरडा न करता," जुई म्हणाली. मावशी हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसले होते, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले.

त्या संध्याकाळी जुईने खिडकीवरची चादर काढून घडी घातली. मग ती आप्पांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आप्पा, उद्या झेंडूला नका सांगू. उद्या ऊन आलं की माझ्या खिडकीवर तुम्हीच टकटक करा."

 "मी?" आप्पा म्हणाले.

"तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी जुई लवकरच जागी झाली. खिडकीबाहेर बागेवर धूर तरंगत होता आणि झेंडूचा केशरी रंग ओळींमधून हळूहळू सरकताना दिसत होता. ती पांघरूण घेऊन पडून राहिली. ऊन काचेवर चढले. बाहेर पावले वाजली आणि थांबली. पुष्कळ वेळ काहीच झाले नाही. जुईला वाटले, आप्पा तसेच परत जाणार.

मग काचेवर टकटक झाली. अगदी हलकी, मागच्या हिवाळ्यात झाली होती तशीच.

"आले, आप्पा," जुई म्हणाली.